टोपी नसलेलं टोक

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आमच्या शथौ गावी येऊन माझ्या साडूचा उजवा हात बघावा. फक्त बघताना तोंड सांभाळावं. का, ते पुढे येईलच.

आधीच सांगतो, या गोष्टीत कोणी मरत नाही. ज्याला मरायचं होतं तो फार पूर्वीच मेला. इथे जातो तो फक्त एक हात. आणि तोही मनगटाला नीट लागलेला आहे.

रात्रसुद्धा नाही. दुपार आहे. सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेची, पत्रे तापवणारी, कुत्रीही गाड्यांखाली जाऊन पडतात अशी दुपार.

सातव्या महिन्यात पलीकडचं दार उघडतं आणि तिकडची मंडळी महिनाभर इकडे मोकळी हिंडतात. त्या दिवसांत आम्ही त्यांना भूत म्हणत नाही. 'चांगले भाऊ' म्हणतो. ते चांगले आहेत म्हणून नव्हे. ते ऐकत असतात म्हणून.

त्या महिन्यात कुणाला पूर्ण नावाने हाक मारायची नाही. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. नवं काम काढायचं नाही.

माझ्या साडूने नवं काम काढलं.

त्याला आपण आ-युआन म्हणू. पूर्ण नाव मी आजही सांगत नाही.

आ-युआनचं स्टेशनजवळ छोटं दुकान. आमच्या गावात घरोघरी मोज्यांची मशीनं, आणि मशीनं म्हटली की आता तारा आल्या. कुठली तार तुटली, कुठलं मशीन मुकं झालं, की आ-युआनला फोन. हातात पक्कड असलेल्या कुठल्याही माणसाला आमच्याकडे 'शिफू', म्हणजे उस्ताद, म्हणतात, पण आ-युआन खरोखरच शिफू होता. डाव्या हाताने फोन कानाला धरून, बायकोशी भांडता भांडता, उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने तो केसाएवढ्या तारा रांगेत लावायचा. चहा प्यायला आलेले लोक बघत उभे राहायचे.

माझी मेहुणी म्हणायची, "मी लग्न या दोन बोटांशी केलंय. बाकीचा माणूस सोबत आला."

त्याच दोन बोटांची ही गोष्ट.

गावाबाहेर, पेरूच्या बागांना लागून, मोज्यांचा एक जुना कारखाना आहे. नाव सांगत नाही. मालकीणबाई हयात आहेत, आणि त्यांचा जावई वकील आहे.

कारखान्याला दोन शेड. जुन्या शेडमधली मशीनं थोरल्या मालकांच्या काळात एकाच काळ्या, जाड तारेत ओवलेली. नवी शेड बाईंनी बांधली, तिथे आजकालची बारीक तार. दोन्हीकडची मशीनं एकमेकांशी बोलत नव्हती. सासू-सुनेसारखी. बाईंना ऑफिसात बसून दोन्ही शेड एका पडद्यावर बघायच्या होत्या. त्यासाठी मधे एक पेटी बसवावी लागते. तिला ब्रिज म्हणतात. एका अंगाला नवी तार लावायची, दुसऱ्या अंगाला जुनी. इकडचं बोलणं तिकडे जातं, तिकडचं इकडे येतं.

पण मशीनं दिवसरात्र चालायची. बंद व्हायची ती नववर्षाला, आणि सातव्या पौर्णिमेच्या दुपारी, पूजेपुरती.

म्हणून बाईंना काम त्याच दुपारी हवं होतं.

आ-युआनने सांगून बघितलं की हा महिना जाऊ द्या, पुढच्या सुट्टीत करू. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घाबरता का, शिफू? तसं सांगा मोकळेपणाने. युआनलिन गावात एक जण आहे. त्याचे हात तुमच्याएवढे चालत नाहीत म्हणे, पण निदान पाय तरी चालतात."

एवढं ऐकल्यावर कुठला शिफू घरी बसेल?

तो पोचला तेव्हा फाटकासमोर टेबलं मांडली होती. कोंबडी, डुकराचं मांस, मासे, अननस, तांदळाची दारू, आणि प्रत्येक पदार्थात एकेक उदबत्ती खोचलेली. आमच्या गावात मोजेही ठेवतात. चांगल्या भावांना पाय असतात की नाही याबद्दल मतभेद आहेत, पण मोज्यांचा खप महत्त्वाचा. टेबलाच्या शेजारी पाण्याचं घमेलं, नवा टॉवेल, कंगवा. मंडळी लांबून येतात. आधी तोंड धुतात.

एक बाई मांडवाची दोरी ताणून धरून उभी होती. तिचे हात थरथरत होते. तेवढ्यात दुसरी आली आणि म्हणाली, "फार कष्ट झाले ताई, आता मी." पहिलीने दोरी सोडली, दुसरीने धरली.

हे आमच्याकडचं रोजचं बोलणं. पाळी बदलताना, झाडू घेताना, रडकं पोर एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जाताना. हे म्हटल्याशिवाय काम हातात घ्यायचं नाही. आणि हे ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. आम्ही ते शिकत नाही. दात येतात तसं ते येतं.

आ-युआनने ते ऐकलं. त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

घमेल्याजवळ म्हातारा पहारेकरी पंखा हलवत बसला होता. सगळे त्याला चुई-पे म्हणतात, म्हणजे चुईकाका. आ-युआनने विचारलं, जेवलात का पे?

"मी जेवलो," म्हातारा म्हणाला. "तू कशाला आलास?"

"काम आहे आत."

"काम इथे सगळ्यांनाच होतं," म्हणाला, आणि सुपारीची लाल पिंक बरोबर आ-युआनच्या बुटाशेजारी टाकली.

उदबत्त्या घेतलेल्या बायकांनी त्याला वाट दिली. दोन पावलं मागे सरल्या. आदराने सरतात तशा नव्हे. ओला रंग लागू नये म्हणून सरतात तशा.

बाई स्वतः आतल्या दारापर्यंत आल्या. पेटी कुठे बसवायची ते दाखवलं. मग म्हणाल्या की जुन्या तारेचं दुसरं टोक माळ्यावर आहे, शिडी मागे आहे, वर जायची वेळ आलीच तर जा.

आणि जाता जाता वळून...

"वर नीट बोला हं, शिफू. आमच्याकडे उद्धट माणसं चालत नाहीत."

कुणाशी बोलू, हे विचारायच्या आत दार बाहेरून लोटलं गेलं.

आत कोणी नव्हतं.

मशीनं बंद. पंखे बंद. जिथे वर्षभर कानठळ्या बसतात, तिथली शांतता अंगावर येते. बाहेरून फक्त मंत्र म्हणणाऱ्याची घंटी ऐकू येत होती. लांबून. दुसऱ्या गावात वाजावी तशी.

आ-युआनने खिशातून हिरवी पिशवी काढली. खोबऱ्याच्या चवीचे कुरकुरे. आमच्याकडे यंत्रावर ही पिशवी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिशवी हिरवीच हवी, आणि तारीख उलटलेली नको. उलटली की यंत्रही उलटतं. नव्या पेटीवर ठेवायला त्याने ताजी आणली होती.

मग त्याची नजर जुन्या मशीनांवर गेली. प्रत्येकावर एक पिशवी. त्याने जवळची एक उचलून बघितली...

तारीख कधीच उलटून गेली होती. दुसरीचीही. तिसरीचीही.

कोणी बदलतच नव्हतं. जसं काही या मशीनांना शहाणं ठेवायला पिशवीची गरज नव्हती. दुसरं कोणीतरी होतं.

आता थोडं तारेबद्दल सांगतो. न सांगून चालणार नाही.

ती जुनी काळी तार म्हणजे एक लांब बोळ समजा. एकाने एका टोकाला तोंड उघडलं की बोळभर सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून बोलायच्या आधी प्रत्येक मशीन कान देतं. शांतता असली तरच बोलतं. चुकून दोघं एकदम बोलले तर दोघंही गप्प होतात. माणसांपेक्षा बरी वागणूक. आणि बोळाच्या दोन्ही टोकांना एकेक पितळी टोपी घट्ट बसवलेली असते. टोपी नसेल तर बोललेलं टोकाला आपटून परत येतं, आणि सगळी तार मुकी होते.

एका टोकाची जरी टोपी गेली, तरी सगळी तार.

आ-युआनने पेटी बसवली. नवी तार खोचली. जुन्या तारेचं पितळी टोक पेटीला जोडलं आणि आपल्या बाजूला कोरी टोपी पिळून बसवली. तार मुकी असेल तर ही पेटी लांब शिट्टी मारते.

शिट्टी वाजली नाही. दोन्ही अंगांचे हिरवे दिवे लागले.

म्हणजे पलीकडच्या टोकाला टोपी होती. असायलाच हवी. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवी पेटीवर ठेवली.

तेवढ्यात...

जुन्या अंगाचा दिवा लुकलुकला.

तारेवर कोणी बोललं तरच तो दिवा लुकलुकतो. मशीनं तर बंद होती. आ-युआनने उठून मशीनांचा मुख्य खटका बघितला. खाली पाडलेला. त्याने तो पुन्हा खाली दाबला. उगाच.

परत आला. दिवा लुकलुकत होता. थांबून थांबून. दम लागलेल्या माणसासारखा.

त्याने पेटीतून तारेवर एक शब्द पाठवला. चाचणीचा.

लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे दोघं एकदम बोलले.

तो थांबला. लाल दिवा गेला. हिरवाही गेला. तारेवर पूर्ण शांतता. त्याने पुन्हा पाठवला...

पुन्हा लाल.

आ-युआन बोलायला लागला की कोणीतरी बोलायला लागत होतं. आ-युआन गप्प बसला की तेही गप्प बसत होतं. कान देऊन.

इथे शहाणा माणूस पक्कड पिशवीत टाकतो आणि बाहेर जाऊन उदबत्ती लावतो. आ-युआनही तेच करणार होता. पण बाहेर बाई होत्या, बाईंना युआनलिनचा माणूस माहीत होता, आणि शथौमध्ये आ-युआन शिफू घाबरून पळाला ही बातमी त्याच्या स्कूटरच्या आधी घरी पोचली असती.

त्याने टॉर्च घेतला आणि काळ्या तारेच्या मागे निघाला.

तार भिंतीभिंतीने गेली, मागच्या खोलीत शिरली आणि शिडीशेजारून वर चढली. शिडीच्या पायथ्याशी जेवणाचा डबा होता. झाकणावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या. बाजूला सिगारेटचं पाकीट.

त्याने झाकणाला हात लावला...

गरम होतं.

वर कोणी कामाला आहे, त्याला वाटलं. बरं वाटलं बिचाऱ्याला. त्याने खालून हाक मारली, शिफू, मी वर येतोय. तो चढला.

माळा म्हणजे पत्र्याखालची भट्टी. उभंही राहता येत नव्हतं. सगळीकडे धाग्यांचा कोंडा साचलेला. मोज्यांच्या कारखान्यात तो उडतो आणि वर जाऊन बसतो. वर्षानुवर्षांचा. राखाडी, मऊ, घोट्यापर्यंत. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पण वास होता. ताज्या घामाचा. आणि डोकं चढलं की कपाळाला चोळतात त्या हिरव्या तेलाचा.

टॉर्च तारेवरून सरकत गेला. तार तुळईवरून गेली, तुळई संपली, तार खाली उतरली, आणि...

तिथे टोक होतं.

टोपी नव्हती.

पितळेचं उघडं टोक. आणि ते लोंबत नव्हतं. हवेत, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, सरळ उभं होतं.

कोणीतरी धरलेलं असावं तसं.

ते बारीक थरथरत होतं. पितळ सगळं काळं पडलं होतं, फक्त दोन बाजूंना बोटभर जागा घासून लखलखीत झाली होती. खाली कोंड्यात मांडी घातलेल्या माणसाएवढी जागा साफ होती. कोंडा सगळीकडे बसला होता, तिथेच बसला नव्हता.

आ-युआनचे हात सवयीचे गुलाम. डोकं पळायला सांगत होतं तरी उजवा हात खिशात गेला, दुसरी टोपी काढली आणि उघड्या टोकाकडे गेला.

टोक बाजूला झालं.

झटक्याने नव्हे. कामातला माणूस मधे आलेल्याचा हात चुकवतो तसं.

त्याने पुन्हा हात नेला. टोक पुन्हा मागे गेलं. खाली पेटीने एक आखूड शिट्टी मारली, जणू तार क्षणभर सुटता सुटता राहिली. आणि मग, त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून...

कोणीतरी दम खाल्ला. तोंड उघडं टाकून, उन्हाने घुसमटलेला माणूस खातो तसा.

तो श्वास रागाचा होता. आ-युआन आजही म्हणतो, दुःखी असता तर मला कळलं असतं. तो माझ्यावर चिडला होता. फार वेळ वाट बघायला लावली म्हणून.

अशा वेळी कोणी देवाचं नाव घेतं. कोणी किंचाळतं. आ-युआनला आईने नीट वळण लावलं होतं. घामाने थबथबलेल्या, हातात वस्तू धरून बसलेल्या माणसासमोर आमच्याकडचं तोंड जे बोलतं, तेच त्याचं बोललं.

"फार कष्ट झाले, शिफू. आता मी."

श्वास थांबला.

टोक सुटलं आणि अलगद त्याच्या उजव्या हातात पडलं. पितळ गरम होतं. माणसाच्या हातातून आलेली वस्तू असते तसं.

मग गुडघे मोडल्याचा आवाज. एक. दुसरा. कोंड्यात पावलं उमटली, त्याला वळसा घालून शिडीकडे गेली. शिडीच्या पायऱ्या वरून खाली कुरकुरल्या. खाली डब्याचं झाकण उघडलं. काड्या वाजल्या. घाईघाईने. बराच वेळ.

आ-युआन हातात टोक धरून तसाच बसून राहिला.

सगळं शांत झाल्यावर त्याने टोकावर टोपी पिळली. खालून पेटीने लांब शिट्टी मारली. टोपी काढली, शिट्टी थांबली. पुन्हा बसवली, पुन्हा शिट्टी. टोपी घातल्यावर तार मुकी, काढल्यावर बोलती. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. नियम बसवत राहण्याची ती जागाही नव्हती. टोक तसंच तुळईवर टाकून तो खाली उतरला.

डबा रिकामा होता. चाटून पुसून.

बाहेर मंत्र थांबले होते. सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. घमेल्यातलं पाणी राखाडी झालं होतं, वर धाग्यांचा कोंडा तरंगत होता. टॉवेल ओला. टेबलावरचा मोज्यांचा एक जोड गेला होता. मतभेद तरी मिटले.

बाई घमेल्याकडे बघून हसल्या. हसल्यावर त्या वाईट दिसत नाहीत.

"झालं एकदाचं," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने त्याला अननसाची फोड दिली.

चुई-पेने त्याला बाजूला ओढलं. वर काय बोललास, विचारलं. आ-युआनने सांगितलं. म्हाताऱ्याचा पंखा थांबला.

"अर्धं तरी गिळायचंस, गाढवा."

मग त्याने सांगितलं ते असं. ती काळी तार ल्याव नावाच्या शिफूने घातली. अशाच उन्हाळ्यात. शेवटच्या टोकाची टोपी आली नव्हती. थोरल्या मालकांनी त्याला माळ्यावर बसवलं आणि म्हणाले, टोक बोटांत घट्ट धर, मी खाली मशीन बघून येतो, सांगेपर्यंत सोडू नकोस. खाली आल्यावर मालकांना लग्नाच्या जेवणाचं बोलावणं आलं. बोलावणं चांगलं होतं. जेवणही चांगलं होतं. परत यायला दुसरा दिवस उजाडला. ल्याव शिफू सांगितल्या कामाचा माणूस. पत्र्याखाली बसून राहिला, टोक धरून. सांगायला कोणी आलंच नाही.

त्याला उतरवला तेव्हा बोटं उघडता आली नाहीत म्हणे. आणि तार, टोपी नसताना, चालत राहिली. मालक हिशेबी. चालतंय ना, मग कशाला हात लावा.

अलीकडे ती तार दुपारच्या वेळी अडखळत होती. धरणारा थकला होता.

कारखान्यातलं कोणी वर जात नव्हतं. गेलं तरी दातओठ दाबून. बाहेरचा, चांगल्या वळणाचा शिफू हवा होता.

आ-युआन बाईंकडे वळला. काय बोलणार होता ते त्यालाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात भोंगा झाला. पूजा संपली. खटका वर गेला. दोन्ही शेडमधली मशीनं एकदम धडधडायला लागली.

आ-युआनच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ आली, आणि मिटली.

अननसाची फोड धुळीत पडली.

ती बोटं मग उघडली नाहीत. डाव्या हाताने ओढून बघितली. बायकोने तेल लावून ओढली. माझ्या बायकोने चमचा घालून बघितला, चमचा वाकला. मिटल्या बोटांमध्ये काहीही दिसत नाही, पण तिथे नखाएवढी फट राहते. गोल. पितळी टोकाएवढी.

ताइचुंगच्या मोठ्या डॉक्टरने सगळ्या नसा तपासल्या आणि हात उत्तम आहे म्हणाला. मंदिरातल्या आजीने तांदळाची वाटी कपड्यात गुंडाळून त्याच्या डोक्यावरून फिरवली, तांदूळ निरखले, आणि दक्षिणेचं लाल पाकीट परत केलं. म्हणाली, हा चांगल्या भावांचा मामला नाही. ही नोकरी आहे. नोकरीवर माझ्याकडे उपाय नाही.

तो कारखान्यात परत गेला. फाटक उघडलं नाही. चुई-पेने आतूनच बाईंचा निरोप सांगितला, लाइन झकास चालली आहे, पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका. मग आ-युआन मागच्या पेरूच्या बागेतून शिरला. दोन शेडच्या मधे नवी तार उघड्यावरून जाते. डाव्या हातात कात्री धरून त्याने ती तारेवर ठेवली आणि हलकेच दाबली...

त्याच्या उजव्या मनगटावर लाल रेघ उमटली.

त्याने आणखी दाबलं नाही.

ल्याव शिफूला फक्त जुनी शेड धरावी लागत होती. आता मधे पेटी आहे. पेटी सगळं अलीकडे आणते. आ-युआनला दोन्ही शेड धराव्या लागतात. बाईंनी मशीन वाढवलं की त्याला खांद्यात कळतं. गेल्या वसंतात तिसरी शेड उभी राहिली, तेव्हापासून त्याला उजव्या कुशीवर झोपता येत नाही.

दुकान बंद झालं. दोन बोटांवर चालणारं घर आता मेहुणीच्या शिवणमशीनवर चालतं. फक्त कारखाना थांबला की, सातव्या पौर्णिमेच्या दुपारी आणि नववर्षाला, बोटं उघडतात. मग तो सणाचे दिवस झोपत नाही. नातवंडांच्या खेळण्यांतल्या तारा जोडत बसतो. दोन्ही हातांनी.

सुटायचा रस्ता त्याला माहीत आहे. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी त्याच्याकडे बघून ते वाक्य म्हणायला हवं. मनापासून नको, नुसतं म्हटलं तरी पुरे. ल्याव शिफूला तरी कुठे मनापासून मिळालं?

म्हणून आमच्या कुटुंबात ते आता कोणी म्हणत नाही. भांडी घासणाऱ्याला नाही, रात्रभर आजाऱ्याजवळ बसलेल्याला नाही. आम्ही आल्या-गेल्याला उद्धट वाटतो. इलाज नाही.

आणि आ-युआन, जो पूर्वी पाण्याचा पेलाही उचलत नव्हता, तो आता पाहुणे आले की काम काढतो. एका हाताने गॅसची टाकी जिन्यावरून चढवतो. भर उन्हात अंगण खणतो. घाम निथळत आपल्यासमोर येऊन उभा राहतो.

बघत राहतो.

तो चांगला माणूस होता. त्याची नजर चांगली राहिलेली नाही.

मी तिकडे जाताना तोंडात पेरूची फोड ठेवतो. बायकोची युक्ती. आमच्याकडचे पेरू कडक असतात, बोलता येत नाही. गेल्या खेपेला तो भिंत रंगवत होता. डाव्या हाताने, शिडीवर उभा राहून. शिडी हलली, मी दचकून ती धरायला धावलो, आणि पेरू घशाखाली गेला. तो वरून वाकून माझ्याकडे बघत होता. कपाळावरचा घाम टपकन माझ्या गालावर पडला.

"फार कष्ट..." मी म्हणालो.

आणि दात दाबले.

अर्धंच म्हणालो. एवढं नक्की. माझ्या बायकोनेही ऐकलंय, अर्धंच.

पण तेव्हापासून माझी तर्जनी वाकलेली आहे. अंगठा ठीक आहे. कप धरता येतो. फक्त ते एक बोट... दुपारी, पाळी बदलायचा भोंगा झाला की, जवळ कोणी नसताना, थरथरतं.

काल मेहुणीचा फोन आला. रविवारी जड कपाट हलवायचं आहे, भाऊजींना पाठव, यांना एकट्याला झेपायचं नाही. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिची सख्खी बहीण आहे. ती हो म्हणाली.

उरलेलं अर्धं वाक्य अजून माझ्या तोंडात आहे. आ-युआनला ते माहीत आहे.

आणि घरातले पेरू कोणीतरी संपवलेत.